हळदीचं लाल पाणी

शुक्रवार, १७ जुलै १९९८

आज डोकं फिरलं नुसतं. माझ्या मंजूला उद्या आठवीच्या वर्गात प्रयोग करून दाखवायचाय. हळदीच्या पाण्यात चुन्याची निवळी घातली की ते लाल होतं, एवढाच. घरी करून बघितला. मी हळद कालवली, तिने निवळी ओतली, रंग बदलला. पोरगी हरखली. तेवढ्यात माझ्या नणंदबाई आत आल्या.

"दादा जाऊन वरीस न्हाय झालं आणि कुंकू कालवाय बसलीस व्हय?"

"शाळेचा अभ्यास हाय, वन्सं."

"हात बघ की तुझा."

निवळीचे थेंब उडून बोटं लाल झाली होती खरी. त्यांनी वाटी उचलून मोरीत ओतली. साबणाने बोटं धुतली तर आणखीच लाल. साबणानेही हळद लाल होते, हे मी मंजूच्या आधी धड्यात वाचलंय, तरी साबणच लावला. हे असते तर हसले असते.

जेवताना मंजू म्हणाली, "बाईंना सांगते, सामान न्हाय मिळालं."

"खोटं कशाला?"

"मग काय सांगू? माझ्या आईनं हळदीला हात लावलेला चालत न्हाय?"

घास तसाच ठेवून उठले. हळदीचा डबा काढला, मोठी वाटी घेतली, मंजूला चुना आणायला लावलं. नणंदबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

म्हटलं, "वन्सं, वाईच सरका. उजेड अडतोय."