अनुवादकाचं नाव, जागा उरल्यास

बौशर, मस्कत
रविवार

ती. विद्यामावशी,

पाठीत उसण भरल्यामुळे नमस्कार मनातल्या मनात वाकून केला आहे, तो पोचला असं धर. मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं ना? काकांची शुगर कशी आहे? (खजूर पाठवले नाहीत ते शुगरमुळेच, विसरले म्हणून नव्हे.) आमचं इथे बरं चाललंय. चिन्मयचं ऑफिस, इराची शाळा, एसीची घरघर, सगळं यथास्थित. मी मात्र आठवडाभर संतापलेली आहे.

झालं असं. माझी मैत्रीण खुदेजा इथल्या एका वाचनालयात काम करते. तिच्याकडे हानेलोरे नावाच्या जर्मन बाई भाषणाला आल्या होत्या. ओमानी कथा जर्मनमध्ये नेणाऱ्या. बाईंचं अरबी अस्खलित, पण श्रोत्यांत निम्मे आपले लोक. म्हणून नुसती ऐकायला गेलेल्या, पण जर्मन येणाऱ्या मला खुदेजाने ‘यल्ला, यल्ला’ (चल, चल) करत स्टेजवर चढवलं. बाई थोडं अरबीत बोलून तेच जर्मनमध्ये सांगणार आणि मी त्याचं हिंदी करणार. दोन तास केलं. (घशाला कोरड पडली, पाण्याची बाटली एकच होती आणि ती पाहुण्यांची.) शेवटी आभार मानले, त्यात माईकवाल्या सकलैनचं नाव आलं, चहावाल्यांचं आलं, माझं नाही. सर्टिफिकेट मिळालं तेही ‘मिसेस चिन्मय’ या नावाने. चिन्मय तेव्हा घरी मॅच बघत होता.

बाई सांगत होत्या ते ऐकण्यासारखं होतं. तिकडे जर्मनीत अनुवादकांची संघटना आहे, कराराचा नमुना आहे, न विचारता मजकुराला हात लावायचा नाही असं त्यात लिहिलेलं असतं. तरीही मुखपृष्ठावरच्या नावासाठी त्या वर्षानुवर्षं भांडतायत. आता तर मशीनने केलेला अनुवाद हातात देतात आणि ‘फक्त जरा नीट करा’ म्हणतात. हे सगळं हिंदीत सांगता सांगता मीच दोनदा नाक पुसलं. लोकांना वाटलं, मला सर्दी झाली आहे.

दुसऱ्या दिवशी आमच्या प्रकाशकांना, शांतारामपंतांना फोन लावला. दीड वर्ष खपून मराठीत आणलेली माझी जर्मन कादंबरी छपाईला चालली आहे. प्रुफं आली, त्यात नायक बटाट्याच्या सॅलडऐवजी साबुदाण्याची खिचडी खातो. बर्लिनमध्ये! वाचकाला आपलंसं वाटावं म्हणून केलं म्हणे. आणि करारात माझ्या नावापुढे चक्क लिहिलंय, ‘आतील पानावर, जागा उरल्यास.’ मी नाव मुखपृष्ठावर मागितलं. त्यावर पंत अगदी मायेने म्हणाले, “सावनीताई, अनुवादक म्हणजे खिडकीची काच. काचेवर कोणी नाव लिहितं का?”

“तुमच्या दुकानाच्या काचेवर तुमचं दोन फुटी आहे,” मी म्हटलं.

पंत लगेच नेटवर्क नाही म्हणाले. (नेटवर्क उत्तम होतं, त्यांचा सुस्कारासुद्धा ऐकू आला.) मी सांगून टाकलं, खिचडी काढा, नाव घाला, नाहीतर कादंबरीच्या दुसऱ्या भागाला मी हात लावणार नाही. खलास. फोन ठेवल्यावर मात्र दुसऱ्या भागाचं पुस्तक काढून वाचत बसले. दुसरा भाग मला फार आवडतो गं.

काकांना नमस्कार. डोळ्यात थेंब वेळेवर घाल.

तुझी,
सावनी

ता. क. फोन ठेवण्याआधी पंत एक बोलून गेले. दुसऱ्या भागाला एक बाई तयार आहेत म्हणे. पुण्याच्या, जर्मन शिकवून निवृत्त झालेल्या, नावाचा अजिबात हट्ट नसलेल्या. अशी बाई मला एकच ठाऊक आहे, तिनेच मला जर्मन शिकवलं. मावशी, ती तू आहेस का? असलीस तर नाही म्हण. पत्र खरं म्हणजे एवढ्यासाठीच लिहिलं.

ता. क. २. हो म्हणून बसली असशील, तर निदान मुखपृष्ठावर नाव मागून घे. तुझं. मला चालेल. (चालणार नाही, आठ दिवस बोलणार नाही तुझ्याशी. पण मागच.)