पाणकोंबडीची लेक

आई, भोरला नदीच्या घाटावर तू धुणं धुवायचीस तेव्हा माझी वेणी तुझ्या डाव्या मुठीत असायची. एका हाताने पातळ आपटायचं, दुसऱ्याने मला धरून ठेवायचं. बाकीच्या बायका गुडघाभर पाण्यात उभ्या राहून कपडे खळबळायच्या, तू मात्र कोरड्या पायरीवर बसून बादलीने पाणी ओढून घ्यायचीस. एकदा साबणाची वडी घसरली, ती धरायला तू मूठ सोडलीस आणि मी नीरेत उडी मारली. सात वर्षांची असेन. बुडाले नाही, हातपाय मारत, खिदळत वर आले. शेजारची एक बाई म्हणाली, "अगं बया, ही तर पाणकोंबडी!" आणि तू माझ्या थोबाडीत मारलीस. आयुष्यात एकदाच. उडी मारली म्हणून मारलीस, असं मला परवापर्यंत वाटत होतं.

नंतर लेक शिकावी म्हणून दादांनी मला पुण्याच्या कॉन्व्हेंटात, वसतिगृहात ठेवलं. शाळेत पोहण्याचा हौद होता. तू एसटीने नाचणीचे लाडू घेऊन आली होतीस त्या दिवशी सिस्टरांनी परवानगीचा कागद तुझ्यापुढे ठेवला. तू मान हलवलीस. सिस्टरांनी दोनदा समजावलं, तू दोनदा मान हलवलीस. सगळ्या मुली बघत होत्या. मी इंग्रजीत सिस्टरांना सांगितलं, की माझी आई अडाणी आहे, ती पाण्याला घाबरते. "काय म्हनलीस?" तू विचारलंस. मी म्हटलं, "तू पाण्याला भितेस असं सांगितलं." तू लाडवांच्या डब्याचं फडकं सोडत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "व्हय, भ्याते मी." तेवढंच. पुढे मी कॉलेजात गेले, लग्न झालं, मुलगी झाली, तिच्यादेखत मी तुझी तीच थट्टा करत राहिले, आणि तू दर वेळी "व्हय" म्हणत राहिलीस.

तुला जाऊन एकोणीस वर्षं झाली. मधल्या काळात माझे गुडघे धरले, डॉक्टरांनी पोहायला सांगितलं, आणि साठीत मी तरणतलावात उतरले. तिथल्या बायकांच्या नादाने गेल्या रविवारी पानशेतला एका शर्यतीत भाग घेतला. आधी धरणात पोहायचं, मग सायकल, मग पळायचं, मध्ये थांबायचं नाही. ट्रायथलॉन म्हणतात. तुझं माहेर त्या धरणाच्या पाण्याखाली गेलंय हे मला माहीत होतंच. पण पाण्यात शिरल्यावर पायांना तळ लागेना, पाणी हिरवट काळं, आणि एकदम वाटलं, खाली तुझी चूल असेल, उंबरा असेल. श्वास चुकला. होडीतला माणूस तीनदा जवळ आला, "ताई, वर घेऊ का?" म्हणाला. नुसता हात हलवून नको म्हटलं, बोलायला दम नव्हता. सगळ्यांत शेवटी बाहेर आले. ओल्या पायांत मोजे जाईनात, हेल्मेट उलटं घातलं, सायकलची चेन चढावर पडली. पळताना तर मी चालतच होते. शेळ्या घेऊन निघालेल्या एका बाईने विचारलं, "काय वो बाई, यष्टी चुकली का?" मला इतकं हसू आलं की पोटात कळ आली. पोचले तेव्हा कमान उतरवायला घेतली होती. तरी माझ्या गळ्यात मेडल घातलं. आई, मी पुरी केली. मला स्वतःलाच खरं वाटत नव्हतं.

भूक सपाटून लागली होती. धरणाकाठी एका छपरात पिठलं-भाकरी मिळते, तिथे जाऊन बसले. सून भाकऱ्या थापतेय आणि सासू, ऐंशीच्या पुढची, कडेला लसूण सोलत बसलीय. माझ्या ओल्या केसांकडे बघून ती म्हणाली, "ह्या वयात पान्यात पडायची हौस! घरी कोन वरडत न्हाई का?" मी म्हटलं, "मावशी, माझ्या आईचं माहेर इथलंच. बुडालेल्या गावातलं." "कुनाची गं तू?" मी आजोबांचं नाव सांगितलं. तिच्या हातातला लसूण खाली पडला. "पाणकोंबडीची लेक तू?"

 तिने सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते, कारण माझ्या शब्दांत ते मला अजून सांगता येत नाही. "तुज्या आयला समदी पाणकोंबडीच म्हनायची. तिच्यावानी पवनारं बाप्यांत बी कुनी नव्हतं. तिच्या हळदीच्या दिवशी बाया नदीवर भांडी घासाय ग्येल्या, त्यांच्यामागं म्या. चार-पाच वर्साची आसंन. पातेल्यासंगं डोहात ग्येले. बाया निस्त्या वरडाय लागल्या. हळदीची नवरी उंबऱ्याभाईर पडत न्हाई, ठावं हाय न्हवं? ती मांडवातनं पळत आली आन् हाय तशी डोहात. मला क्येसाला धरून भाईर काडली. वर आली तवा अंगावर हळदीचा ठिपका न्हाई. समदी पान्यात ग्येली. भोरच्यांचा निरोप आला, हळद नदीत ग्येली, ही पोर आमाला नगं. लई रडारड झाली. शेवटाला तुजी भोरची आजी म्हनली, भंडारा उचल, की पुन्यांदा नदी-तळ्यात पाय घालनार न्हाई, मी न्हाई आन् माजी लेक बी न्हाई. उचलला बिचारीनं."

देवाचा भंडारा हातात घेऊन. अठरा वर्षांची असशील. आणि शपथ घालणारी माझी आजी, जिच्या मांडीवर मी झोपायचे, जी माझ्या ताटात लोणी वाढायची. दादांना माहीत होतं का, आई? मी रविवारपासून घरात वस्तू ठेवते आणि विसरते. कुकरच्या शिट्ट्या मोजत नाही. तुझं ते "व्हय" आठवतं. एकदा तरी मला गप्प करायचंस, आणखी एक थोबाडीत द्यायचीस.

मी मावशींना म्हटलं, "म्हणजे मी तिची शपथ मोडली." त्या बोळक्या तोंडाने हसल्या. "मोडलीस की! बरं क्येलंस. मीबी मोडली आसती, पन मला कुठं पवाया येतंय?" मग त्यांनी विचारलं, "हाय का गं ती?" आणि उत्तर ऐकून त्या उठल्या, सुनेला हाक मारली, आत जाऊन खण, नारळ आणि ओंजळभर तांदूळ घेऊन आल्या. माझ्या ओल्या टॉवेलातच त्यांनी तुझी ओटी बांधली. "म्हनावं, तू वडून काडलेली अजून जित्ती हाय."

हे पत्र कुठे टाकायचं नाही. कपाटात राहील आणि माझ्यामागे लेकीला सापडेल, म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवते. खण तिने घ्यावा, शिवून अंगात घालावा, जपून ठेवू नये. नारळाच्या वड्या मी केल्या, त्या तलावावरच्या बायकांनी खाल्ल्या. तांदूळ मी रोज मूठभर भातात घालते आहे, ते उरणार नाहीत. सायकल माझ्या धाकट्या जावेला द्यावी. ती मागत नाही, पण तिच्यावरून हात फिरवून जाते. मेडल पानशेतला मावशींना पोचवावं. त्या नसल्या तर त्यांच्या सुनेला. त्या असल्या, तर मात्र तू गेल्याबद्दल कोणी तोंड उघडायचं नाही. त्यांनी विचारलं तेव्हा मी "आहे" म्हणाले. "आता पोहतेसुद्धा," असंही म्हणाले.