तिसऱ्या दिवसाचं पाणी

लातूर,
११ फेब्रुवारी १९८६

ती. नीलक्कास,
संगप्पाचा शि. सा. न. वि. वि. शरणार्थ.

तुझं तिळगुळाचं पाकीट पोचलं. उशीर झाला म्हणून रागावू नकोस, सध्या वेळ कसा जातो ते कळत न्हाई. जिल्हा नवा झाला तेव्हा उस्मानाबादहून इथं आलो, नव्या ऑफिसाचा केवढा तोरा होता! आता माझ्याकडं टँकरचं टेबल आलंय. कोणत्या गावाला कोणत्या दिवशी पाणी, त्याचा तक्ता मी करतो. टँकर भरायच्या विहिरीच आटत चालल्यात, म्हणून लोकसंख्येप्रमाणं पाळी लावलीय. रोज सकाळी बायका रिकाम्या घागरी घेऊन टेबलापुढं बसतात. भांडत न्हाईत. नुसत्या बसतात.

आपल्या सोनखोरीला तीन दिवसांतून एकदा टँकर जातो. गावातला आपला शेजारी मलप्पा येऊन गेला. निदान दिवसाआड तरी कर, म्हणून विनवत होता. मी सांगितलं, माझं गाव म्हणून पाळी मोडली तर बाकीच्यांना काय तोंड दाखवू? तो हाव, खरं हाय म्हणाला आणि गेला. शेजारच्या नीलाबाईनं त्याच्या हाती शेंगदाण्याची चटणी पाठवली होती. आई गेल्यावर जिनं आपल्याला खाऊ घातलं, ती अजून खाऊच घालतेय.

मला जरा तकलीफ आहे. पोटात आग पडते, मान लाकडासारखी होते, उजव्या हाताची बोटं अधूनमधून बधिर होतात. डॉक्टरांनी रक्तदाब लई वाढलाय म्हणून गोळ्या दिल्या, आणि डोक्याला कसला त्रास आहे का विचारलं. मला हसू आलं.

रत्नम्मा बरी आहे. दाजींना नमस्कार. मायेत अंतर नको.
तुझा,
संगप्पा


नांदेड,
१९ फेब्रुवारी १९८६

चि. संगप्पास,
अक्काचे अ. उ. आ.

पत्र वाचून दाजी म्हणाले, जत्रेतल्या ढोलताशात जो बैलगाडीत पालथा पडून घोरायचा, त्याला रक्तदाब? मी हसले खरी, पण मग भाकरी बाजूला सारून पत्र लिहायला बसले.

तुला एक गोष्ट कधी सांगितली न्हाई. माझी लेक सुमन गेली त्यानंतर दोन वर्षं माझं अंग पित्तानं उठायचं. छाती धडधडायची, केस मुठीनं यायचे. डॉक्टर झाले, वैद्य झाले, तपासणीत काही सापडेना. इथल्या मठात एक म्हातारे स्वामी होते. ते म्हणाले, पोरी, दुःख तू तोंडानं बोलत न्हाईस म्हणून अंग बोलून राहिलंय. रोज गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घे आणि नुसतं बघ. काही मागू नको. श्वास आत गेला, बाहेर आला, एवढंच ध्यानात ठेव. मन पळालं तर रागावू नको, हात धरून परत आण. पहिले पंधरा दिवस मी रडण्यापलीकडं काही केलं न्हाई. मग हळूहळू झोप लागायला लागली, पित्त उठायचं थांबलं. सुमनचं दुःख तेवढंच राहिलं, पण अंगानं ते पेललं.

तू पूजा करतोस, पण आंघोळ आटोपल्यासारखी. आता सकाळी वीस मिनिटं बस. गोळ्याही चुकवू नकोस. नीलाबाईला माझ्याकडून एक लुगडं पाठवतेय, गावाकडं कुणी जात असलं तर पोचव.

जिवाला जप.
तुझी,
नीलक्का


लातूर,
९ मार्च १९८६

ती. नीलक्कास,
शि. सा. न. वि. वि. शरणार्थ.

तू सांगितलंस तसा बसतोय. पहिल्या दिवशी श्वास मोजायला गेलो तर गावांची नावंच मोजत बसलो. आत घेताना एक गाव, सोडताना दुसरं. चौथ्या दिवशी मात्र गंमत झाली. माझे खांदे कानापर्यंत चढलेले असतात हे मला ठाऊकच नव्हतं. ते आपोआप खाली आले आणि मी बसल्या जागी झोपलो. रत्नम्मा घाबरून हलवायला लागली.

परवा रक्तदाब जरा उतरलेला निघाला. दवाखान्यातला कंपाउंडर मुरुडचा आहे. तो म्हणाला, साहेब, असंच चालू ठेवा. पोटातली आगही कमी आहे. लुगडं मलप्पाबरोबर पोचवलं. नीलाबाईनं ते दिवाळीला नेसायचं म्हणून ठेवून दिलंय म्हणे.

तुझ्या वीस मिनिटांचा,
संगप्पा


लातूर,
२७ मार्च १९८६

ती. नीलक्कास,
शि. सा. न. वि. वि.

नीलाबाई गेली. परवा टँकरचा दिवस नव्हता. घरातलं पाणी संपलं म्हणून ती गावाबाहेरच्या जुन्या विहिरीत उतरली. पायरी निसटली. मलप्पानं बाहेर काढलं तेव्हा जीव नव्हता.

आज तो ऑफिसात आला. मला वाटलं शिव्या देईल, मी वाटच बघत होतो. त्यानं हात जोडले आणि हळूच म्हणाला, संगप्पा, आता सोनखोरीला एक घागर कमी लागंल. आणि निघून गेला.

अक्का, आता मला बसायला सांगू नकोस. लिंग तळहातावर घेतो आणि तसंच परत ठेवून देतो. जरा शांत वाटलं तरी चोरी केल्यासारखं वाटतं. तक्ता मीच केला होता. बरोबर केला होता. म्हणूनच सोसवत न्हाई.

संगप्पा


नांदेड,
२ एप्रिल १९८६

चि. संगप्पास,
अ. उ. आ.

मी तिच्या मांडीवर वाढले. मलाही रडायचंय, पण आधी माझं ऐक. तू पाळी मोडली असतीस तर दुसऱ्या गावची कुणीतरी नीलाबाई उतरली असती. पाणीच न्हाई, त्याला तू काय करशील? शांत बसणं म्हणजे स्वतःला माफ करणं नव्हे. माफ करू नकोस, पण बस. न्हाईतर अंग त्याचा हिशेब वेगळा करतं, मी भोगलंय. रजा माग. मी शुक्रवारच्या एस.टी.नं येतेय. चांगले आठ दिवस राहीन.

तुझी,
नीलक्का


लातूर,
५ मे १९८६

ती. अक्कांस,
रत्नम्माचा सा. न. वि. वि. शरणार्थ.

कसं लिहावं कळत न्हाई. तुम्ही होतात ते आठ दिवस ह्यांच्यासाठी बरे गेले. तुमच्या शेजारी सकाळ-संध्याकाळ बसायचे, दोन घास जास्त जेवायचे. तुम्ही गेल्यावरही चार दिवस एकटे बसले. मग रजा संपली. मी म्हटलं, वाढवून घ्या. ते म्हणाले, उन्हाळा वाढतोय, माझं टेबल कोण बघंल?

एप्रिलच्या २९ तारखेला टेबलावरच कोसळले. उजवं अंग गेलं, वाचा गेली. डॉक्टर म्हणाले की दाब कैक वर्षं आतल्या आत वाढत असणार, डोक्यातली नस गेली. सुधारणा किती होईल विचारलं तर गोळ्यांची चिठ्ठी लिहायला लागले.

ऐकू सगळं येतं. सकाळी मी ह्यांच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवते. ते त्याकडं बघत न्हाईत, भिंतीकडं बघतात. डोळ्यांतून पाणी येतं, ते मी पुसते.

त्यांच्या जागी सिद्धेश्वर म्हणून जळकोटकडचा कारकून आलाय. काल भेटायला आला. तक्ता समजून घ्यायचा होता, पण ह्यांना बघून विचारलंच न्हाई. जाताना तो मान चोळत होता. मी म्हटलं, दादा, दुखते का? म्हणाला, चार दिवसांपासून, उशी बदलल्यामुळं असंल.

तुमची,
रत्नम्मा


नांदेड,
१२ मे १९८६

चि. संगप्पास,
अक्काचे अ. उ. आ.

रत्नम्मा हे तुला वाचून दाखवील. भाऊ, माझं एक चुकलं. मला वाटलं, मला जे तारून गेलं ते तुलाही तारील. माझं दुःख एकदाच येऊन बसलं होतं, त्याच्याशेजारी बसता आलं. तुझं रोज सकाळी नव्या घागरी घेऊन यायचं. मी तुला बस म्हणाले. ऊठ, ते टेबल सोड, असं ठणकावून म्हणायला हवं होतं. आठ दिवस तुझ्याजवळ राहूनसुद्धा म्हणाले न्हाई, कारण माझा भाऊ इमानी आहे याचा मला तोरा होता.

त्या सिद्धेश्वराला मी वेगळं पत्र टाकलंय. ओळखपाळख न्हाई, फाडून टाकील बहुतेक. पण मान दुखते ती उशीनं न्हाई, एवढं कुणीतरी त्याला सांगायला हवं.

बुधवारी येतेय. तुला बसवणार न्हाई, काही करायला लावणार न्हाई. भिंतीकडं बघायचं असलं तर मीही बघीन.

सवयीनं खाली दोन ओळींचं उत्तर लगेच पाठव असं लिहून गेले होते. ते खोडलंय. रत्नम्मा, तेवढं वाचू नकोस.

तुझी,
नीलक्का