पाव्हण्याचं शेवटचं प्रकरण

प्रिय सुमन,

पुस्तकाची प्रुफं आली आहेत. उद्या परत द्यायची. तुला वाचून दाखवल्याशिवाय एकही प्रकरण मी छापायला दिलं नाही, आणि हे शेवटचं तेवढं अर्धं राहिलं. आता कोणाला दाखवू? म्हणून हे पत्र.

त्या रशियन सेनापतीचं नाव तुला कधी नीट उच्चारता आलं नाही. मी अक्षर न अक्षर फोडून सांगायचो. शेवटी कंटाळून तू त्याला पाव्हणा करून टाकलंस. साडेतीनशे वर्षांपूर्वीचा हा माणूस नंदनवन वस्तीतल्या आपल्या दोन खोल्यांत मुक्कामालाच आला. मी कामावरून परतलो की तुझा प्रश्न ठरलेला, "कुठवर आला पाव्हणा? जेवला का नाई?"

कॉलेजची पायरी न चढता मी रशियन शिकलो. अभिमान आहे मला त्याचा, का नसावा? म्हणूनच नियम कडक होता. पुराव्याशिवाय ओळ नाही. 'बहुधा', 'असेल', 'असावा' हे शब्द माझ्या पुस्तकात नकोत. तू मात्र खोड काढायचीस. झारनं त्याला राजदूत नेमलं, असं वाचलं तर म्हणालीस, बाबांच्या राजदूत फटफटीवर बसवलं का त्याले? मी चिडून जुन्या मराठी कागदांतला त्याच अर्थाचा 'वकील' शब्द घातला. त्यावर तुझं, आता कोर्टात उभा केला का!

तू अंथरुणाला खिळलीस तेव्हा आपण तहाच्या, म्हणजे शेवटच्या प्रकरणाशी होतो. जो किल्ला त्यानं लढून घेतला, तोच वाटाघाटीत त्याला स्वतःच्या हातानं परत द्यावा लागला. मग दरबार सोडून तो मठात गेला. मी लिहिलं होतं, 'अपमान सहन न होऊन.'

तू डोळे मिटून ऐकत होतीस. म्हणालीस, "अपमान नाई जी. थकला असन तो. माणूस थकते."

"पुरावा काय?" मी विचारलं.

भिंतीकडे तोंड केलंस.

पुढच्या आठवड्यात इस्पितळात डॉक्टरांनी औषधाची आणखी एक फेरी सुचवली. मी लगेच हो म्हणालो. तेव्हा तू माझी बाही धरलीस. "मले घरी न्या आता. लय लढली मी."

घरी आणलं. त्यानंतर फार दिवस मिळाले नाहीत. पण सुमन, आधीच सरळ का नाही सांगितलंस? पाव्हण्याच्या आडून का बोललीस? मी बारकाव्यांचा माणूस. स्वल्पविराम चुकला तर मला दिसतो, आणि तू कोणाबद्दल बोलत होतीस ते दिसू नये?

आज ते पान समोर आहे. सगळे कागद पुन्हा चाळले. अपमानाचा पुरावा माझ्याकडेही नाही! ते मीच ठरवून टाकलं होतं. हरलेल्या माणसाला राग आलेला मला बरा वाटत होता, इतकंच.

म्हणून ते शब्द खोडले. तिथे लिहिलं आहे, 'तो मठात का गेला, हे कोणत्याही कागदात नाही. तो थकला असावा.'

छापखान्यातून फोन येईल. विचारतील, साहेब, 'असावा' तुमच्या नियमात बसत नाही, काढू का? तुला वचन देतो, काढू देणार नाही. अख्ख्या पुस्तकात तो एकच राहील, आणि तो तुझा.

तुझा,
प्रभाकर