आडव्या ठेवलेल्या तुळया

३ तारीख, सोमवार

नोकरीचा पहिला दिवस आणि मी जाम खूश! पाडलेल्या घरांच्या लाकडाची ही वखार. जुनी तुळई नव्या घरात घालण्याजोगी आहे की नाही, ते मी ठरवायचं. हातोडीने ठोकून आवाज ऐकायचा, टोच्याने कीड शोधायची, वरच्या कडेलगत दोरी ताणून मधोमध किती झोल आहे ते मोजायचं. आज एकाच घरातल्या पाच तुळया पाहिल्या. खणखणीत! झोल शून्य. त्यातल्या चार ताईकडेच जाणार, झोपायच्या खोलीच्या छताला. तिला आठवा महिना लागलाय, म्हणून भावजींची घाई.

म्हातारे मिस्तरी म्हणाले, अशी तुळई आधी आठवडाभर उभी ठेवायची, अंगावरचं उतरू द्यायचं. मी मोजायला सोपं म्हणून आल्याआल्याच आडव्या करून घेतल्या होत्या. त्यांना हसले आणि पाचही तुळयांवर पास केल्याचा शिक्का मारला.

११ तारीख

उरलेली पाचवी तुळई दोन ओंडक्यांवर पडून आहे. तिच्यावर साधी काडीही नाही, तरी झोल सहा मिलिमीटर. लाकूड कोरडं, कीड नाही. उलटी करून ठेवली. दुपारपर्यंत पुन्हा खालीच वाकली. अकरा! मिस्तरी एवढंच म्हणाले, की उतरलं नाही. काय उतरलं नाही, ते सांगेनात. माझा शिक्का मी मागे घेतेय, असं मालकांना ठणकावलं. त्यांनी मला वेड्यात काढलं. काढू देत.

१३ तारीख

ताईच्या छताला बसवलेल्या चारही तुळयांना झोल चौदा. वरचा माळा रिकामा आहे, मी स्वतः चढून पाहिलं. लोखंडी टेकू लावले. भावजी म्हणे, मीच ताईला घाबरवतेय. ताईला एकटीला गाठून विचारलं, वर कुणी बसल्यासारखं वाटतं का. ती रडायलाच लागली. तुळया बसवल्या त्या दिवसापासून तिला तसं वाटतंय.

१४ तारीख, दुपार

टेकू वाकले. झोल एकवीस. भावजींशी कडाकडा भांडून ताईला शेजारणीकडे नेऊन बसवलं. शिक्का माझा, तर तुळयाही मीच काढणार. हे घर माझ्या ताईचं आहे. वर ऐकू येतंय ना? तिचं आहे!

चार वाजता

करवत आणली. ताईच्या पलंगावर बसून आकडे लिहितेय — सव्वीस — अठ्ठावीस — कापणारच —

थांबलं. चारही तुळया सरळ. झोल शून्य.

म्हणजे उतरलं. पण कुठे —

माझ्या शेजारी गादी दबतेय. कुणी टेकल्यावर दबते तशी — मी उठणार नाही — ताईकडे पळत जाणार नाही, माझ्यामागून तिच्यापर्यंत पोचायचंय ना तुला —

खांद्यावर आलं. जड — फार जड —

बस. बस माझ्यावर. मीच तुला इथून बाहेर नेते, ताईपासून लांब — कितीही दाब — मी वाकणार ना—