बठ्ठं बेस शे

तीर्थरूप आबा,

तुम्हांला पत्र लिहिण्याचे धारिष्ट्य करते आहे, क्षमा असावी. तुमच्या हयातीत मी तुमच्यासमोर सलग दोन वाक्ये बोलले नाही, आणि आता तुमच्या माघारी नात पत्र लिहू लागली! कारण आईचे आहे. कोलेस्टेरॉलची तुमचीच गोळी तिला सुरू झाली आणि तिच्याही मांड्या दुखू लागल्या. ती आता तुमचा दाखला देते.

पिंपळनेरच्या दुकानातले तुमचे पायाने चालवायचे शिलाई मशीन आठवते. ती गोळी सुरू झाल्यावर एक शिवण संपायच्या आत तुम्ही थकून थांबत होतात, मांड्या चोळत होतात. शेजारचे नाना म्हणाले, "वय हुयनं आबा, आते मशीनले मोटर लाई ल्या!" तुम्ही हसलात. "मशीनले लागी, पन माले कोन लाई?"

धुळ्याच्या डॉक्टरांनी विचारले, "काही त्रास?" तुम्ही हात जोडलेत. "बठ्ठं बेस शे, साहेब." दारी आलेल्या पाहुण्याला 'सगळं बरं आहे' अशी खुशाली सांगावी, तसे ते उत्तर होते. पण आबा, डॉक्टर पाहुणे होते का?

मग गोळी तुम्ही आपल्याच मनाने सोडलीत. काही आठवड्यांत मशीन पुन्हा धडधडू लागले. घर किती आनंदले होते! पुढच्या वर्षी हृदयविकाराच्या झटक्याने तुम्ही गेलात. गोळी असती तर तुम्ही असता, असे मी म्हणत नाही. ते कोणालाच ठाऊक नाही. कमी मात्रा, दुसरी गोळी असे मार्ग होते, एवढे मात्र खरे. ते विचारावेसे का वाटले नाही तुम्हांला?

गेल्या आठवड्यात मी आईबरोबर त्याच दवाखान्यात गेले. कठडा धरधरून जिना चढलेली आई खुर्चीत बसताच म्हणाली, "सगळं बरं आहे, डॉक्टर."

"नाही," मी म्हणाले. "गोळी सुरू झाल्यापासून तिला जिना चढवत नाही."

"अहो ताई, मग सांगायचं कोणी? मी काय ज्योतिषी आहे?" डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितले, गोळी तूर्त थांबवली. अहवाल पाहून दुसरी देऊ म्हणाले.

बाहेर आई रागावली. "चारचौघांत तोंड उघडत नाहीस, आणि नेमकं तिथंच उघडलंस!"

आता तिचे दुखणे ओसरले आहे, आणि ती म्हणते, दुसरी गोळी नकोच. "आबांनीही सोडलीच होती की!"

तुमचा फोन हल्ली तीच वापरते. हे पत्र मी त्याच क्रमांकावर पाठवते आहे. तुमच्याआधी तीच वाचेल. वाचू दे.

सोमवारी पुन्हा धुळ्याला जायचे आहे. आबा, वचन देते: गोळी घे किंवा सोड, असे मी तिला सांगणार नाही, तो निर्णय डॉक्टरांसमोर होईल. पण तिथे 'सगळं बरं आहे' हे वाक्य आपल्या घरातून पुन्हा खोटे उच्चारले जाणार नाही.

तुमची अबोल नात,
वैदेही

पाठवले: ९ फेब्रुवारी २०२५, सकाळी ७ वाजून १० मिनिटे