माहेर बॅटरीच्या पलीकडे

ती. दादांना,

साष्टांग नमस्कार लिहिणार होतो, पण सध्या कंबर धरल्यामुळे आठांपैकी फार तर पाच अंगं जमिनीला टेकतात. तेव्हा तेवढ्यांचाच स्वीकारावा. कंबर का धरली ते ओघात येईलच. वहिनींचा खोकला कमी झाला का? आई पडल्यापासून खोलीबाहेर आल्या नाहीत असं फोनवर कळलं, त्यामुळे काळजी वाटते. इकडे आम्ही दोघं ठीक आहोत. सोफे शिवण्याचा धंदा बरा चाललाय आणि तुमची बहीण माझ्याशी बोलते आहे (हे मुद्दाम लिहितो, कारण मध्यंतरी बोलत नव्हती).

तर आपल्या जुन्या डिझेलच्या टेम्पोनं शेवटी मान टाकली. मेकॅनिकनं बॉनेट उघडून आत पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवला, तेव्हाच मी समजलो. मग विजेवरचा ट्रक घ्यायचं ठरलं, मागे उघडा हौदा असलेला, आमच्यासारख्यांना परवडावा म्हणून काढलेला. परवडतो कसा, हे कोडं शोरूममध्ये सुटलं. त्यात काहीच नसतं! काच खाली करायची तर हँडल हातानं फिरवा. गाणी हवीत तर स्वतः म्हणा. रंग एकच, राखाडी. बाकी जे जे हवं ते आपण निवडायचं आणि त्याचे वेगळे मोजायचे. तिथली मुलगी टॅबलेट घेऊन समोर बसली, एकेक चित्र दाखवू लागली, आणि दादा, खोटं कशाला बोलू, मी हरखून गेलो. जन्मभर गिऱ्हाइकांपुढे कापडाचे नमुने पसरत आलो, "बघा सावकाश, घाई नाही" म्हणत आलो. त्या दिवशी पहिल्यांदा माझ्यापुढे कुणी काहीतरी पसरत होतं.

फिरत फिरत गाडी बॅटरीवर आली. एक लहान, एक मोठी. लहान बॅटरीवर ट्रक किती जातो ते मुलीनं सांगितलं आणि हळूच पुस्ती जोडली, "आदर्श परिस्थितीत." ही परिस्थिती कुठे मिळते म्हणून विचारलं, तर म्हणाली, रस्ता सपाट हवा, हौदा रिकामा हवा, एसी बंद हवा आणि चालवणारा बेताच्या वजनाचा हवा. (शेवटचं कलम तिनं माझ्या पोटाकडे बघून घातलं असा मला संशय आहे.) मी मनात हिशेब केला. आपलं सगळ्यात लांबचं गिऱ्हाईक लहान बॅटरीच्या आत आरामात बसत होतं. मी लहानच द्या म्हणून सांगून टाकलं.

"अहो, आणि दादाकडे?" तुमच्या बहिणीनं विचारलं.

"तिकडे आपण वर्षातून जातो कितीदा?" मी म्हणालो.

यावर ती तिथला रंगीत स्टिकरांचा अल्बम उचलून चाळत बसली. अल्बम उलटा धरला होता, हे माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा अर्थ लक्षात यायला मला पुढे बराच भुर्दंड पडला.

मोठ्या बॅटरीचे वाचले म्हटल्यावर मला जोर चढला. राखाडीवर मोरपिशी स्टिकर घेतलं. दारात दोन आणि पाठीमागे दोन असे स्पीकर घेतले. दार उघडलं की पायरीवर निळा उजेड पडतो, तेही घेतलं (आपण दिवसाच माल पोचवतो, हे नंतर आठवलं). आणि कुणाला सांगू नका, सीट कव्हरंसुद्धा घेतली. तीस वर्षं सोफे शिवणारा माणूस सीट कव्हर विकत घेतो! कारागिरांनी पहिल्या दिवशी शिवण उलटून बघितली आणि आत जाऊन हसले. मला ऐकू येईल इतपत हसले.

पहिली मोठी फेरी दातांच्या डॉक्टरीणबाईंची. त्यांच्या दवाखान्यात बाहेर बसायला तीन माणसांचा सोफा, दगडासारखा जड, कारण घाबरलेला पेशंट धक्का देऊन उठतो, असं त्यांचं म्हणणं. दवाखाना चढावर. ऊन असं की एसी लावला. गाणी तर लावलीच, नाहीतर स्पीकर घेतले कशाला? चढ लागला आणि समोरचा बॅटरीचा आकडा असा खाली येऊ लागला, जणू उतार त्यालाच लागलाय. मी एसी बंद केला. गाणी बंद केली. शेवटी खिशातली मापाची मोठी टेपसुद्धा शेजारच्या सीटवर काढून ठेवली (वजन तेच राहतं, हे घाबरलेल्या माणसाला सुचत नाही). मग पडद्यावर कासवाचं चित्र उगवलं. मला वाटलं, कंपनीनं करमणुकीसाठी दिलं असेल. पण ट्रक खरोखरच कासव झाला, आणि थोडं पुढे जाऊन एका केशकर्तनालयाच्या अलीकडे थांबला.

केशकर्तनालयवाला भला माणूस. म्हणाला, लावा आमच्या प्लगला. पण त्याची वायर पोचेना, म्हणून मी आणि त्याची दोन गिऱ्हाइकं (एकाच्या गालावर अर्धा साबण) असे तिघांनी ट्रक ढकलला. कंबर ती तिथली. साध्या प्लगवर बॅटरी भरणं म्हणजे चमच्यानं टाकी भरणं. फुकटची वीज घेऊन नुसतं बसायची लाज वाटून मी केस कापून घेतले. मग दाढी केली. मग डोक्याला मालिश. आकडा जेमतेम हलला होता, म्हणून मिशीही काढून टाकली. त्यानं केस काळे करू का विचारलं, तेव्हा मी घरी फोन केला.

तुमची बहीण रिक्षानं आली. आधी मला ओळखलं नाही, मग ओळखलं आणि तोंडावर पदर धरला. डबा घेऊन आली होती. बसायला दुसरी जागा नव्हती, म्हणून आम्ही हौद्यात चढून त्या नव्या सोफ्यावर बसलो, प्लॅस्टिक न काढता, रस्त्याकडे तोंड करून. येणारेजाणारे बघत होते. एकानं खालून भावही विचारला. मी सोफ्याच्या स्प्रिंगांबद्दल त्याला सांगत असताना ती मधेच म्हणाली, "आईचा आवाज फोनवर फार बारीक झालाय हो."

माझ्या स्प्रिंगा तिथेच राहिल्या. ते गिऱ्हाईकसुद्धा भाव न ऐकताच निघून गेलं.

"कितीदा जातो म्हणून विचारलंत ना," ती म्हणाली, "म्हणूनच मोठी बॅटरी हवी होती. मला एकटीला एका दमात जाता यावं म्हणून. तुम्हाला विचारायला लागू नये म्हणून."

दादा, शिवणाच्या सुया मला आजवर पुष्कळ टोचल्या, पण ही वेगळी होती. मी तिथूनच शोरूमला फोन लावला. मुलगी म्हणाली, "सर, बॅटरी नंतर बदलता येत नाही. स्टिकर बदलता येतं."

सोफा संध्याकाळी पोचला. डॉक्टरीणबाईंनी उशिराबद्दल काही म्हटलं नाही, फक्त मला "आ करा" म्हणाल्या आणि एक दाढ किडल्याचं सांगितलं. परतताना ट्रक तुमच्या बहिणीनं चालवला (गाडी तुम्हीच तिला शिकवलीत, माझ्या आधी). एसी नाही, घाई नाही, उतारावर पाय उचलून. घरी पोचलो तेव्हा शिल्लक होता तेवढा आकडा मी स्वप्नातही पाहिला नव्हता. तेव्हापासून ट्रक तीच चालवते आणि मी शेजारी बसून काच फिरवतो.

आता मुख्य बातमी. येत्या शुक्रवारी ती एकटी तुमच्याकडे येते आहे. वाटेत एका धाब्याजवळ चार्जिंगची सोय आहे, तिथे थांबून दुपारपर्यंत पोचेल. हौद्यात आईंसाठी एक खुर्ची आहे. उंच बैठक, भक्कम हात, उठताना कुणाचा आधार लागू नये अशी. ती मी स्वतः शिवली आहे, कारागिरांना हात लावू दिला नाही. आईंना बसवून बघा, उंची कमीजास्त वाटली तर कळवा. दुकानामुळे मला येता येत नाही. रविवारी ती परत निघेल असं ठरलं आहे.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बिनमिशीचा मेहुणा

ता. क. : एक लहानसं काम. फाटकाजवळच्या भिंतीवर जाड वायरीचा, मोठा सॉकेट शुक्रवारच्या आत बसवून घ्याल का? साध्या प्लगवर बॅटरी भरायला फार वेळ खाते. मग रविवारचा सोमवार होईल, सोमवारचा मंगळवार, आणि इथे तीन सोफ्यांची कव्हरं तिच्या हाताची वाट बघत पडली आहेत.

ता. क. २ : हे मी सुचवलं असं तिला कळू देऊ नका. तुम्हालाच सुचलं असं दाखवा.

ता. क. ३ : दादा, पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं. सॉकेट मुळीच बसवू नकोस, भिंत चांगली आहे. साध्या प्लगवर सावकाश भरू दे. भरली तरी यांचा फोन आला की अजून निम्मीच झाली म्हणून सांग. माझी गादी आईच्या खोलीत घाल.